ऐकून नावे ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकातील वाचकपत्रांत एका निवृत्त गुरुजींनी मेटल, म्हणजे जड गिटारांचे रॉक संगीत, वाजवणाऱ्या गोव्यातल्या मुलांवर बरेच तोंडसुख घेतले आहे. या ओरडण्याला रियाज लागत नाही, उरलेले काम कॉम्प्युटर करतो आणि ऐकणाऱ्यांना काहीही चालते, अशा त्यांच्या तीन तक्रारी. फोंड्यात माझा लहानसा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. माझी चूल भजने, आरत्या आणि जत्रेतल्या नाटकांच्या पार्श्वसंगीतावर पेटते, डेथकोर या गुरगुरत्या गळ्याच्या, जड ठोक्यांच्या मेटलवर नव्हे. पण भाचा डेथकोर वाजवतो, त्याचे सवंगडी माझ्याकडेच रेकॉर्डिंगला येतात, आणि त्यांच्यामुळे हे संगीत माझ्या कानाखालून पुष्कळ गेले आहे.

‘काहीही चालते’ या शेवटच्या तक्रारीपासून सुरू करतो, कारण तीच सगळ्यांत खोटी आहे.

कॅलिफोर्नियातील रिव्हरसाईड गावचा सुइसाइड सायलेन्स हा या प्रकारातला मोठा बँड. २००७ साली त्यांचा ‘द क्लेन्सिंग’ हा पहिला अल्बम आला आणि डेथकोर कसे वाजवावे याचा धडाच पोरांनी त्यावरून गिरवला. गायक मिच लकर २०१२ साली मोटरसायकलच्या अपघातात गेला. त्याच्या मुलीच्या शिक्षणासाठी बँडने कार्यक्रम करून पैसा उभा केला. पुढे ऑल शॅल पेरिश या बँडचा एडी हर्मिडा गायक म्हणून आला आणि २०१४ च्या अल्बमनंतर लोकांनी त्याला आपला मानले. इथवर सगळे सुरळीत चालले होते.

मग २०१७ च्या फेब्रुवारीत त्यांनी बँडच्याच नावाचा अल्बम काढला. निर्माता होता रॉस रॉबिन्सन, म्हणजे कॉर्न आणि स्लिपनॉट या गाजलेल्या मेटल बँडांचा पहिला अल्बम ज्याच्या हातून झाला तो. या माणसाला चकचकीतपणाचे वावडे. वादकांना एका खोलीत एकत्र वाजवायला लावायचे, त्यांच्याकडून आतले काढून घ्यायचे आणि जे निघेल ते फार न घासता ठेवायचे, ही त्याची पद्धत. त्यात हर्मिडाने गुरगुरणे कमी करून बऱ्याच ठिकाणी साधा, मोकळा आवाज लावला. डेफटोन्स आणि कॉर्न हे बँड ऐकत ही मंडळी वाढलेली, ते ऋण त्यांनी उघडपणे फेडले.

आता श्रोत्यांनी काय केले ते पाहा. ‘डोरिस’ हे पहिले गाणे जानेवारीत बाहेर पडले. त्यात मध्येच गायक बारीक आवाजात ‘टी-ही’ असे खिदळतो. त्या एका खिदळण्याची इतकी टर उडाली की बाकीचे गाणे ऐकायला कोणी थांबेना. अल्बम प्रसिद्धच करू नका, असा अर्ज इंटरनेटवर फिरला आणि त्यावर सह्याही झाल्या. गुरुजी, ओरडणे कमी झाले म्हणून श्रोते सह्या गोळा करतात, याला ‘काहीही चालते’ म्हणायचे का? पहिल्या आठवड्याची विक्री आधीच्या अल्बमच्या मानाने फारच खाली आली. २०२० साली ‘बिकम द हंटर’ काढताना बँडने पूर्वीचे निर्माते स्टीव्ह एव्हेट्स यांना परत बोलावले आणि गळाही पुन्हा जुन्या वळणावर आणला.

तो अर्ज मला मुळीच पटलेला नाही. आवडला नाही तर विकत घेऊ नका, पण निघूच नये म्हणणे ही दांडगाई झाली. जत्रेतल्या नाटकात पद रंगले नाही तर आपल्याकडे लोक उठून भेळ खायला जातात. मंडपाच्या कनाती कोणी सोडत नाही.

मात्र लोक का भडकले हे माझ्या धंद्यातल्या माणसाला कळते. सगळी चर्चा साध्या आवाजाभोवती फिरली, पण माझ्या मते अर्धा घोटाळा रेकॉर्डिंगच्या पोतात आहे. डेथकोरच्या श्रोत्याला विशिष्ट तयारीचा आवाज लागतो. ड्रमचा प्रत्येक ठोका तितक्याच वजनाचा आणि काटेकोर मात्रेवर बसलेला पाहिजे. ब्रेकडाऊन येतो तेव्हा लय एकदम निम्म्यावर उतरते, गिटार, बास आणि ड्रम एकाच घावात पडतात आणि त्या क्षणी समोरची गर्दी हलते. तिथे केसाइतकी फट राहिली तर मजा गेली. रॉबिन्सनच्या खोलीत ती फट मुद्दाम ठेवली होती. म्हणजे बँडने एकाच वेळी गळाही बदलला आणि पोतही. श्रोत्याला धरायला ओळखीचे काही उरलेच नाही.

माझे मत विचाराल तर गिटारचा तो खडबडीत, खोलीतला आवाज मला आवडतो. ड्रम तर खरे चामडे वाजल्यासारखे येतात. साधे गाणे मात्र बऱ्याच जागी सुरात कच्चे वाटते. भावना आहे, सूर नाही. आमच्याकडचे भजनी बुवा पहिल्या ओळीलाच पेटी थांबवून म्हणाले असते, ‘परत घे रे बाबा.’

कॉम्प्युटर सगळे करतो म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्या माडीवर येऊन बसावे. पावसाळ्यात तिथे पत्र्यांचा इतका आवाज होतो की ड्रम घेता येत नाहीत. मुले पाऊस ओसरायची वाट बघत जिन्यात बसतात आणि माझी बायको त्यांना चहा पुरवते. ड्रम वाजवणारा पोरगा सावर्ड्याचा. दोन्ही पायांनी पेडल मारताना त्याचा डावा पाय दमला की ठोके हलके पडू लागतात, ते स्क्रीनवर लहान होत गेलेल्या रेघांत लगेच दिसते. मग तो म्हणतो, ‘मामा, ग्रिडवर बसव ना.’ बसवता येते. माऊसने एकेक ठोका ओढून रेघेवर आणायचा, हलक्या ठोक्याच्या जागी भरीव ठोक्याचा नमुना चिकटवायचा. सगळ्या जगात हेच चालते, लपवण्यासारखे त्यात काही नाही. पण हात-पायच जागेवर नसतील तर ओढून ओढून मी किती ओढणार? ठोका सरकवला की त्याबरोबर झांजेचा आवाज तुटतो आणि ते ऐकू येते. शेवटी मी त्याला म्हटले, घरी जा, मीटर लावून हळू लयीत घोट आणि मगच ये. तो गेला, आणि आला तेव्हा मला फारसे काही ओढावे लागले नाही.

राहिला रियाजाचा प्रश्न. लॉर्ना शोर हा न्यू जर्सीचा बँड. त्यांचा गायक विल रामोस याने २०२२ साली यूटा विद्यापीठातल्या तज्ज्ञांसमोर नाकातून घशात कॅमेरा घालून घेतला आणि तो आवाज कुठून निघतो ते सगळ्या जगाने पाहिले. आपण बोलतो-गातो त्या स्वरतंतूंच्या वर आणखी दोन पडदे असतात, खोटे स्वरतंतू म्हणतात त्यांना. ते, आणि घशातले आजूबाजूचे स्नायू आवळून-सोडवून हा माणूस डुकराची घुरघुर काढतो आणि लगेच वर किंकाळीला जातो. शिकलेल्या गायकाच्या खऱ्या स्वरतंतूंवर त्यात फारसा ताण येत नाही. न शिकता ओरडणाऱ्याचा गळा मात्र लवकर बसतो. भाच्याच्या बँडमधल्या गाणाऱ्या पोराचा बसला होता, मी स्वतः त्याला हळद-दूध पाजले आहे. ज्या मातीत मंगेशीचे दीनानाथ झाले तिथल्या माणसाने ‘या गळ्याला रियाज लागत नाही’ असे म्हणावे, याचे नवल वाटते.

याच लॉर्ना शोरने २०२२ च्या ‘पेन रिमेन्स’ या अल्बममध्ये डेथकोरला चक्क वाद्यवृंदाची साथ दिली आणि शेवटची तीन गाणी एका सलग दुःखकथेत ओवली. लोकांनी डोक्यावर घेतला. तेव्हा या श्रोत्यांना नवे नकोच असते असेही नाही. घाव जागेवर पडत असेल तर भोवती व्हायोलिने लावा, पियानो लावा, त्यांची ना नाही.

पत्रात रात्रीच्या धिंगाण्याचाही उल्लेख होता. गुरुजींची झोप मोडते ती वागातोर-हणजुण्याच्या बाजूला पहाटेपर्यंत चालणाऱ्या पार्ट्यांनी, आणि त्याबद्दल त्यांचा राग रास्त आहे. रात्री दहानंतर उघड्यावर भोंगा नको हा नियम २००० सालापासून आहे आणि तो पाळला जात नाही. पण तिथे वाजते ते डीजेचे संगीत. ही मुले रविवारी दुपारी भाड्याच्या हॉलमध्ये वाजवतात, समोर त्यांचेच मित्र असतात आणि सातच्या आत हॉल झाडून किल्ली परत करतात. दोघांना एका दावणीला बांधू नये. आणि आवाजाचेच म्हणाल तर चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आमच्या चौकात घुमट, शामेळ आणि कासाळे ही आरतीची वाद्ये एकदम सुरू झाली की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. ते आपल्याला गोड लागते, कारण आरतीची चाल पोटातून पाठ आहे.

आपल्या पुरवणीत एके काळी नाट्यगीतांच्या आणि भजनांच्या कॅसेटींची परीक्षणे येत. पेटी कुठे चढली, तबला कुठे मागे राहिला, सगळे लिहिलेले असे आणि आम्ही रेकॉर्डिंगवाले ते कापून ठेवत असू. गोव्यातल्या या मुलांचे अल्बम निघतात तेव्हा त्यांचेही तसेच परीक्षण छापावे. वाईट असेल तर बेलाशक वाईट लिहा, माझ्या मिक्सिंगलाही नावे ठेवा, फक्त शेवटपर्यंत ऐकून लिहा. लिहिणारा मिळत नसेल तर दोन-चार मुले मी सुचवू शकेन. त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ तेवढे आपल्या उपसंपादकांना तपासून घ्यावे लागेल.

आपला,
एक ध्वनिमुद्रक, फोंडा