मानसशास्त्र फ्रॉइडपासून सुरू झाले नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मानसशास्त्राच्या उगमावरचा लेख वाचला आणि फार वाईट वाटले. पाऊण पान फ्रॉइड आणि स्वप्ने. जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्हेल्म वुंट यांच्या वाट्याला जेमतेम एक ओळ. १८७९ मध्ये वुंट यांनी जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठात मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली, तेव्हा फ्रॉइड व्हिएन्नात वैद्यकीचे विद्यार्थी होते! फ्रॉइड यांच्याबद्दल मला आकस नाही, वर्गात मी त्यांना आवडीने शिकवले आहे. पण कोण आधी आणि कोण नंतर, एवढे तरी लेखकाने तपासायला हवे होते.

वुंट यांच्याही आधी जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजले होते. हा वेग कधी मोजता येईल असे त्यांचे गुरू योहानेस म्युलर यांनाही वाटत नव्हते. मज्जातंतूला वेळ लागतो, तर मनाच्या क्रियेलाही लागत असणार आणि तोही मोजता येईल, ही उमेद तिथून आली. याच हेल्महोल्ट्झ यांच्या हाताखाली वुंट सहायक होते. मधल्या काळात, १८६० मध्ये, जर्मन शास्त्रज्ञ फेख्नर यांनी संवेदनेच्या मोजमापावर ग्रंथ लिहिला. तत्त्वज्ञानाच्या वर्गातला विषय विज्ञान झाला तो या मोजण्यामुळे, आणि लेखात नेमके तेच नाही.

मी हे इतके मनाला लावून घेते त्याला कारण आहे. नागपुरातल्या ज्या महाविद्यालयात मी आयुष्यभर शिकवले, तिथे मानसशास्त्राची छोटी प्रयोगशाळा होती. स्टॉपवॉच, आरशात बघून आकृती गिरवायची आरसा-रेखनाची पेटी, सारख्या लांबीच्या रेषा लहानमोठ्या भासवणाऱ्या म्युलर-लायर भ्रमाची सरकती पट्टी, निरर्थक अक्षरांची कार्डे. सावनेर-काटोलहून एसटीने येणाऱ्या मुली तिथे आळीपाळीने प्रयोगकर्ता आणि प्रयुक्त (जिच्यावर प्रयोग होतो ती) व्हायच्या. एक मुलगी स्वतःला मठ्ठ समजायची, काही पाठच राहत नाही म्हणायची. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले स्मरणाचे प्रयोग प्रसिद्ध केले. तसाच, निरर्थक अक्षरे पाठ करून नंतर किती आठवतात ते बघण्याचा प्रयोग तिने केला आणि विस्मरणाचा आलेख काढला. पहिल्या तासाभरातच मोठी घसरण, मग उतार मंद. शेजारच्या हुशार मुलीचा आलेखही जवळपास तसाच निघाला. दोघींच्या प्रयोगवह्या शेजारी ठेवून ती कितीतरी वेळ बघत बसली होती. त्या वर्षी ती वर्गात प्रश्न विचारायला लागली. माझ्या कुठल्याही व्याख्यानाने हे झाले नसते.

मी निवृत्त झाल्यावर ती खोली परीक्षा विभागाला दिली. साहित्य आधी जिन्याखाली पडले होते, नंतर कबाड्याला विकले. मला कोणी कळवलेही नाही. एका शिपायाने रस्त्यात भेटल्यावर सांगितले. ‘मानसशास्त्राला कशाला हवी प्रयोगशाळा, तो तर गप्पांचा विषय’ हे वाक्य मी स्टाफरूममध्ये नोकरीभर ऐकले. तुमचा लेख वाचून वाचकाचा तोच समज पक्का होतो, म्हणून हा राग.

आणखी एक. कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्येच या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि नरेंद्रनाथ सेनगुप्ता यांनी तिथे प्रायोगिक मानसशास्त्र रुजवले. म्हणजे लाइपझिगनंतर चाळीस वर्षांच्या आत! मराठी वाचकांसाठीच्या लेखात याला दोन ओळीही मिळू नयेत?

शेवटचे त्या लेखाच्या खालच्या जाहिरातीबद्दल. बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता आणि करिअर सांगणारी ती चाचणी. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने तिला शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीर केले आहे. दहावीच्या निकालाच्या धास्तीत असलेले आईबाप अशा ठिकाणी हजारो रुपये मोजतात, आणि मानसशास्त्रावरच्या लेखाखालीच ती छापल्यावर त्यांना ते मानसशास्त्रच वाटणार. ती जाहिरात पुन्हा घेऊ नये आणि लेखातली दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच पानावर छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका
प्रतापनगर, नागपूर