तुमच्या तीन महिन्यांना अडीच वर्षं झाली

माननीय गृहनिर्माणमंत्री,

सादर नमस्कार.

गेल्या मंगळवारी पहाटे साडेपाचला आमच्या बाल्कनीच्या छताचा परातीएवढा तुकडा खाली आला. माझी आई रोज त्या वेळी तिथे खुर्ची टाकून समुद्राकडे बघत बसते. त्या दिवशी तिला चष्मा सापडत नव्हता, म्हणून ती आत होती. खुर्चीचे दोन तुकडे झाले. आई 84 वर्षांची आहे. तेव्हापासून तिने बाल्कनीत पाऊल ठेवलेलं नाही.

शुक्रवारी आपल्या खात्याची नोटीस आली. इमारत धोकादायक आहे, सभासदांनी 30 दिवसांत स्वखर्चाने दुरुस्ती करावी, अन्यथा होणाऱ्या जीवित व वित्तहानीस हे कार्यालय जबाबदार राहणार नाही. मग कोण राहील, ते लिहायला जागा उरली नसावी.

आपल्याला आठवत असेल अशी आशा आहे. अडीच वर्षांपूर्वी, वादळानंतरच्या चौथ्या दिवशी, आपण आमच्या गच्चीवर आला होतात. पाऊस भुरभुरत होता आणि आपण माझ्याच छत्रीखाली उभे होतात. किनाऱ्यावरच्या सगळ्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, तीन महिन्यांत, सरकारी खर्चाने. आणि पुढच्या पावसाळ्याआधी धूपप्रतिबंधक बंधारा, असं आपण म्हणालात. टाळ्या आम्हीच वाजवल्या, खोटं कशाला बोलू. तेव्हापासून दोन पावसाळे गेले. बंधाऱ्याच्या नावाने एक फलक लागला होता, तो गंजून पडला. छत्रीच्या काड्याही गंजल्या. ती आता उघडत नाही.

इथे सगळंच गंजतं, साहेब. दाराच्या बिजागऱ्या, नळ, फ्रिजचा तळ, एसीचं बाहेरचं युनिट. ज्याला दुकानदार ‘स्टेनलेस’ म्हणतो त्यावरही वर्षभरात तपकिरी ठिपके येतात. सरकत्या खिडकीच्या खाचेत वाळू बसते, मग खिडकी सरकत नाही. जोराचा पाऊस आडवा लागला की बंद खिडकीतूनही पाणी आत येतं. कपाटातल्या चपलांना बुरशी. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. समुद्राशेजारी राहायचं तर हे आलंच. मी 29 वर्षं शाळेत भूगोल शिकवला, किनाऱ्याची झीज हा धडा किमान 50 वेळा घेतला असेल, आणि निवृत्तीचे सगळे पैसे नेमके किनाऱ्यावरच्या फ्लॅटमध्ये घातले. हसायचं तर हसून घ्या.

पण छत कोसळणं हा समुद्राचा स्वभाव नव्हे. काँक्रीटच्या आत सळई एरवी सुरक्षित असते, सिमेंटचा अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट, गुण तिला सांभाळतो. खाऱ्या हवेतलं क्लोराइड झिरपत सळईपर्यंत पोचलं की ते संरक्षण मोडतं आणि गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो. आमचा एक इंजिनिअर म्हणाला तिप्पट, दुसरा म्हणाला सहापट. मी त्यांच्या वादात पडले नाही, कारण फुगणारी सळई माझ्या डोक्यावर होती. म्हणून तर किनाऱ्यावर सळईवरचं काँक्रीट जाड ठेवायचं असतं. आमच्याकडे मोजलं तर जेमतेम 15 मिलिमीटर. माझ्या करंगळीच्या पेराहून कमी! त्या नकाशावर मंजुरीचा शिक्का कोणाचा आहे? इमारत पूर्ण झाल्याचा दाखला कोणी दिला? माझा नक्कीच नाही. मी फक्त पैसे भरले. ‘सी-फेसिंग’चे जास्तीचे पैसे बिल्डरने घेतले, त्या जास्तीच्या किमतीवरची नोंदणी फी सरकारने घेतली, आणि गंज तेवढा सभासदांच्या वाट्याला आला.

आमच्या चुका झाकत नाही. 48 सदनिकांपैकी कायम राहणारी घरं 17, फार तर 18. बाकीची सुट्टीपुरती उघडतात किंवा पाहुण्यांना दिवसावर दिली जातात. रात्री दोनला कॉरिडॉरमधून बॅगांची चाकं खडखडतात, लिफ्टमध्ये ओल्या पायांची वाळू, आणि सर्वसाधारण सभेला कोरम नाही. मेंटेनन्स वाढवायचा विषय निघाला की सगळे हात खाली. मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायच्या पैशाला सिंकिंग (म्हणजे बुडणारा) फंड हे नाव ज्याने ठेवलं तो माणूस द्रष्टा असला पाहिजे. आता जी वर्गणी निघाली आहे ती माझ्या 14 महिन्यांच्या पेन्शनएवढी आहे. विमा कंपनी विचारते, नुकसान वाऱ्याने की पाण्याने? वाऱ्याने असेल तर भरपाई, पाण्याने असेल तर नाही. वाऱ्याने खिडकी फोडली आणि तिच्यातून पाणी आलं, तर? हा पत्रव्यवहार अजून चालू आहे. फ्लॅट विकून टाक, असं भाऊ म्हणतो. धोकादायकची नोटीस लागलेला फ्लॅट कोणाला विकू? तुम्ही घेता?

अमेरिकेत फ्लोरिडातल्या सर्फसाइड इथे 24 जून 2021 रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, समुद्राकाठची 12 मजली इमारत कोसळली आणि 98 माणसं गेली. 2018 मध्येच एका इंजिनिअरने लिहून दिलं होतं, की पोहण्याच्या तलावाभोवतालच्या स्लॅबचं जलरोधन चुकलं आहे, पाणी वाहून जात नाही, खालचं काँक्रीट खराब होत आहे. सभासद खर्चावरून भांडत राहिले. अगदी आमच्यासारखे. त्यानंतर 2022 मध्ये तिथे कायदा झाला: तीन मजले आणि त्याहून उंच अशा इमारतींची ठरावीक वर्षांनी सक्तीची तपासणी, आणि मोठ्या दुरुस्तीचा राखीव निधी न टाळण्याचं, दुसरीकडे न वळवण्याचं बंधन. त्या कायद्याला 98 माणसं लागली. तुमच्याकडे आकडा काय ठरला आहे तेवढं कळवा, म्हणजे आम्हाला तयारी करता येईल.

जगभरात समुद्राची पातळी 2006 ते 2018 या काळात वर्षाला सरासरी 3.7 मिलिमीटर वाढली. तुमची फाइल तेवढीही सरकत नाही. विचारायला गेलं की बांधकामवाले म्हणतात बंदरवाल्यांकडे जा, बंदरवाले म्हणतात पर्यावरणाची परवानगी नाही, पर्यावरणवाले म्हणतात प्रस्तावच आलेला नाही. वरून एक साहेब मला म्हणाले, “बाई, समुद्राजवळ घर घेतलंच कशाला?” त्याच समुद्राजवळ आणखी दोन टॉवरना परवानगी त्याच मजल्यावरून निघाली आहे. आमच्यापेक्षा लाटेला जवळ.

मला दोनच गोष्टी हव्या आहेत. ऑडिट झालं असेल तर त्याचा अहवाल दाखवा, झालं नसेल तर तसं लेखी द्या. आणि ती 30 दिवसांची मुदत बंधाऱ्यालाही लावा.

आपली,
चौथ्या मजल्यावरची एक सभासद

ता. क. – हे पत्र लिहीपर्यंत लिफ्टचं पॅनेल पुन्हा बंद पडलं आहे. खारी हवा, असं मेकॅनिक म्हणतो. येणार असाल तर चार मजले चढायची तयारी ठेवा, आणि छत्री स्वतःची आणा.