‘तिथे काय आहे बघायला?’

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

तुमच्या रविवारच्या पुरवणीत दुबईच्या सहलीवरचा लेख वाचला. त्यात म्हटलंय की दुबईला जुनं असं काही नाही, सगळं वाळूतून परवा उभं केलंय, आणि तिथे कुणाचं घर नसतं, सगळे पैसे कमवायला येतात आणि जातात. हे वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसले. आम्ही १९९४ ते २०१२ अशी अठरा वर्षं तिथे राहिलो, तिथल्या करामा भागात, आणि आत्ता जानेवारीत पहिल्यांदाच परत गेलो ते टुरिस्ट म्हणून, मुंबईहून निघालेल्या एका ग्रुप टूरमधून, चार रात्री पाच दिवस.

एअरपोर्टवरच पहिला धक्का बसला. पूर्वी आम्ही रेसिडेंट म्हणून सरळ आत जायचो, आता हातात टुरिस्ट व्हिसाचा कागद. माझ्या मुलीच्या पासपोर्टवर जन्मस्थान दुबई लिहिलंय, अल वस्ल हॉस्पिटलमध्ये झाली ती (आता त्या हॉस्पिटलचं नाव लतिफा आहे), आणि तिलाही तोच कागद, तीच लाईन. काउंटरवरच्या माणसाने पासपोर्ट चाळला, शिक्का मारला, दिला परत. त्याची काही चूक नाही, तिथला कायदाच तसा आहे, जन्म झाला म्हणून नागरिकत्व मिळत नाही, आणि आमच्या वेळी नोकरी संपली की व्हिसा कॅन्सल आणि ३० दिवसांत सामान बांधायचं, मग तुम्ही दोन वर्षं राहिलेले असा नाहीतर वीस. हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी घर ते घरच होतं हो! ज्या घरात मुलं रांगली, ज्या किचनमध्ये अठरा दिवाळ्यांच्या चकल्या तळल्या, ते कागदावर तात्पुरतं होतं म्हणून काय घर नव्हतं?

टूरच्या बसमध्ये गाईड माईकवर सांगत होता की इथे आधी नुसतं वाळवंट होतं. मी गप्प बसून ऐकत होते. शेख झायेद रोडवर त्याने बुर्ज खलिफा दाखवला, ८२८ मीटर, सगळ्यांनी फोटो काढले, मीपण काढला, खरंच बघण्यासारखाच आहे. पण त्याच रस्त्यावर १९७९ सालची ट्रेड सेंटरची ३९ मजली बिल्डिंग आहे, एकेकाळी लांबून दिसायची ती तीच, तिथल्या १०० दिरहमच्या नोटेवर छापायचे तिला, तिच्याकडे बसमधल्या एकानेही मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी टूर मॅनेजरला विचारलं की बस थोडी करामामधून, खाडीकाठच्या जुन्या बर दुबईमधून नेता येईल का, अर्धा तास. तो म्हणाला, ‘मॅडम, तिथे काय आहे बघायला?’ चांगला मुलगा होता, मुद्दाम नाही म्हणाला, पण मला ते फार लागलं. मग तिसऱ्या दिवशी सगळे मॉलला गेले आणि आम्ही तिघं मेट्रोने करामाला गेलो. मेट्रो आमच्या समोर सुरू झाली होती, ९ सप्टेंबर २००९ ला, आमच्या स्टेशनचं नाव आमच्या वेळी अल करामा होतं, आता त्याला एका बँकेचं नाव आहे. बुर्ज खलिफासुद्धा उद्घाटनाच्या दिवसापर्यंत बुर्ज दुबईच होता, आणि बस्ताकिया या जुन्या वस्तीला आता अल फहिदी म्हणतात. मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको, आपल्या तोंडात अजून व्हीटीच येतं.

आमची बिल्डिंग आहे तशीच आहे. नातूर नवीन, म्हणजे वॉचमन, तिथे नातूर म्हणतात, त्याने वर जाऊ दिलं नाही आणि बरोबरच आहे त्याचं. खालून बघितलं. तिसऱ्या मजल्यावर किचनच्या खिडकीत मिस्टरांनी एक्झॉस्ट फॅनसाठी काच काढून प्लाय बसवला होता, उरलेला हिरवा ऑईलपेंट लावून. तो प्लाय अजून आहे! रंग पार उडालाय, कडा फुगल्यात, पण मधलं गोल भोक तेच आणि त्यात फॅन फिरत होता, कुणाच्यातरी फोडणीचा वास खालपर्यंत येत होता. मिस्टर काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले. कोपऱ्यावरची ग्रोसरी पण आहे, फोन केला की एक ब्रेड, चार अंडी असली तरी केरळचा मुलगा सायकलवरून वर आणून द्यायचा. आता दुसराच मुलगा आहे, पण सायकल दारात तशीच उभी.

तिथून बर दुबईला गेलो. शिवमंदिराची ती अरुंद गल्ली, जिथे दर सोमवारी रांगेत उभं राहायचो, तिथे आता मंदिर नाही, २०२४ च्या जानेवारीत ते जेबेल अलीला हलवलं. तिथे २०२२ च्या दसऱ्याला मोठं नवीन मंदिर उघडलंय, छान आहे म्हणतात, आमचं जाणं झालं नाही. आणि तो शुक्रवार होता, पण दुकानं, ऑफिसं उघडी, कारण २०२२ पासून सुट्टी शनिवार-रविवार झाली, शुक्रवारी अर्धा दिवस काम असतं. आमच्या घरात अजूनही शुक्रवार उजाडला की सुट्टी असल्यासारखं वाटतं.

मग अब्रा. हे मात्र प्रत्येकाने करावं, म्हणून सविस्तर लिहिते. खाडीवरची लाकडी होडी, मधल्या फळीवर दोन्हीकडे तोंड करून पाठीला पाठ लावून बसायचं, कठडा वगैरे काही नाही, डिझेलचा वास, पायाखाली इंजिनाची थरथर. होडी मध्यावर आली की नावाडी हात पुढे करतो आणि आपण एक दिरहमचं नाणं ठेवायचं, आमच्या शेवटच्या वर्षांतही एकच दिरहम होता, आत्ताही एकच. शेजारी कामावरून सुटलेली माणसं, कुणी बंगाली, कुणी पठाण, कुणी आपलं. समोर खाडीपलीकडचा देरा भाग, धक्क्याला गलबतं लागलेली, त्यांच्यावर टायर, फ्रिज, गाद्यांचे ढीग. हे बंदर तेलाच्या आधीचं आहे, दुबईत तेल सापडलं १९६६ साली, आणि फहिदीचा किल्ला १७८७ चा. इथले मोती मुंबईच्या बाजारात यायचे. आपल्या रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये खास आखातासाठी वेगळे रुपये काढले होते आणि १९६६ पर्यंत दुबईत रुपयाच चालायचा. मुंबईच्या माणसाला ‘जुनं काही नाही’ असं वाटावं असं हे गाव आहे का, सांगा.

माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या वेळी दुबईवर काही छापाल तेव्हा अर्धं पान तरी करामा, बर दुबई, देराला द्या, आणि तिथे वीस-तीस वर्षं काढून मुलुंड, डोंबिवली, रत्नागिरीला परत आलेल्या लोकांकडून लिहून घ्या, खूप आहेत, फक्त कुणी विचारत नाही. टूरवाल्यांनीही एक अर्धा दिवस ठेवावा. वाळवंट सफारी, बुर्ज सगळं करा, मला त्याचं काही नाही, पण एकदा त्या होडीत बसा. एक दिरहमचं सुटं नाणं आधीच हातात काढून ठेवा, होडी हलायला लागली की पर्स उघडता येत नाही.

आपली,
एक वाचक,
मुलुंड पूर्व, मुंबई