शेगडीची काच आणि दरवाजाचा दोर

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

आई, लाकूड जाळायच्या बिडाच्या शेगडीच्या दरवाजाची काच रोज घासतेस ते आधी थांबव. काच काळी होते त्याला कारण बहुतेक वेळा तीनच असतात. लाकूड ओलं असतं, आगीला हवा कमी पडते, नाहीतर दरवाजा नीट मिटत नाही. मूळ कारण गेलं नाही तर आज लख्ख केलेली काच परवा पुन्हा तशीच होणार, आणि तुझे हात उगाच दुखणार.

काळेपणा कुठे आहे ते नीट बघा. सगळी काच सारखीच तपकिरी-काळी झाली असेल तर लाकूड किंवा हवा. शेगडीत काचेच्या वरच्या फटीतून हवा येते आणि पडद्यासारखी काचेवरून खाली सरकते, म्हणून धूर काचेला चिकटत नाही. लाकूड धड पेटायच्या आत हवा कमी-जास्त करायची खिट्टी मिटली की ती हवाच बंद होते. नवीन लाकूड घातल्यावर ज्वाळा चांगली धरेपर्यंत खिट्टी पूर्ण उघडी ठेवा, मग हळूहळू कमी करा. रात्रभर धुमसत ठेवायची सवय तर सोडाच. त्याने काचेबरोबर धुराड्यातही डांबर साचतं आणि पुढे ते पेट घेऊ शकतं.

एकाच कडेला किंवा कोपऱ्यात डाग वाढत जात असेल तर त्या जागी काचेभोवतीची चपटी पट्टी किंवा दरवाजाचा दोर, म्हणजे दरवाजाच्या कडेने खाचेत बसवलेला, फट बंद करणारा दोर, गेला समजा.

लाकडाचं म्हणाल तर जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात बाहेर रचलेलं लाकूड कोरडं राहत नाही. फोडून, वर पत्रा आणि बाजूने वारा लागेल असं रचलेलं लाकूडच चालतं. ऐन-किंजळीसारखं जड लाकूड पुरतं वाळायला वर्ष जातं. ओलाव्याचा छोटा मीटर पाठवते आहे. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला त्याच्या सुया टोचा, बाहेरून टोचून खरा आकडा येत नाही. आकडा 20 टक्क्यांच्या आत यायला पाहिजे. बाबा, काजूची टरफलं फुकट मिळाली तरी घालू नका. त्यातलं तेल जळताना डोळे-घसा जाळतं आणि काचेवर निघता न निघणारा चिकट थर धरतं. दुधाच्या पिशव्या आणि रंग दिलेल्या फळ्याही नकोत.

काच पुसायची ती शेगडी पूर्ण गार झाल्यावरच. वर्तमानपत्राचा बोळा ओला करून चाळलेल्या पांढऱ्या राखेत बुडव आणि हलक्या हाताने फिरव. राखेतला क्षार डांबर सोडवतो, म्हणून भांड्यांनाही ती चालायची. पण चाळून घे, खडा राहिला तर ओरखडा पडेल. मग स्वच्छ ओल्या फडक्याने दोनदा पुसून कोरडी कर. क्षार किंवा राख काचेवर राहून तापली की पांढरी झाक बसते, आणि ती एकदा काचेत मुरली की जात नाही. तारेची घासणी लावू नकोस, आणि पाणी दोरापर्यंत ओघळू देऊ नकोस.

आता दोर. हा जास्त महत्त्वाचा आहे, कारण दरवाजातून चोरून हवा शिरली की आग तुमच्या ताब्यात राहत नाही. खिट्टी बंद असली तरी लाकूड भडाभडा जळतं, आतली लोखंडी पट्टी वाकते. आणि आग मंद असताना त्याच फटीतून धूर खोलीत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून मला याची काळजी जास्त वाटते. शेगडी चालू असताना एक खिडकी थोडी उघडी ठेवत जा, थंडी वाजली तरी.

तपासायची रीत सोपी आहे. शेगडी गार असताना जुन्या कॅलेंडरच्या पानाची पट्टी दरवाजात धरून कडी लावा आणि ओढा. अडकत अडकत निघाली तर ठीक, सुळकन निघाली तर तिथे फट आहे. चारही बाजूंना, बिजागरीकडेही, तीन-तीन ठिकाणी बघा. सगळीकडेच ढिली वाटली तर आधी कडीचा नट थोडा आवळा, कदाचित दोराला हात लावायची गरजच पडणार नाही. एकाच जागी ढिली असेल तर दोर तिथे चपटा, कडक किंवा तुटका झालेला असतो. आग चांगली पेटलेली असताना दरवाजाच्या कडेने उदबत्ती फिरवली तरी कळतं. जिथे धूर आत ओढला जातो तिथे फट.

बदलायचं काम शिमगा झाल्यावर, शेगडी बंद असताना करा. दरवाजा बिजागरीतून वर उचलून निघतो, पण जड आहे. बाबा, एकट्याने उचलू नका, शेजारच्या पोरांना बोलवा. टेबलावर घोंगडं टाकून त्यावर पालथा ठेवा. हातमोजे आणि मास्क घाला, जुना दोर पाणी शिंपडून ओला करा आणि मगच उपटा, म्हणजे धूळ उडणार नाही. खाचेतलं जुनं सिमेंट पटाशीने आणि तारेच्या ब्रशने अगदी धातू दिसेपर्यंत काढा. इथे घाई केली की नवा दोर महिन्यात सुटतो.

दोराची जाडी जुन्या दोरावरून मोजू नका, तो दबलेला असतो. खाचेची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजून मला कळवा. दोर खाच भरून साधारण 3 मिमी वर यायला हवा. जास्त जाड झाला तर कडी लागत नाही आणि बिजागरीवर ताण येतो. बेळगावात उद्यमबागेत फौंड्रीवाल्यांना लागणाऱ्या सामानाच्या दुकानात असा दोर मिळतो, पण ग्लास फायबरचाच मागा. ॲस्बेस्टॉसचा दाखवतील, स्वस्तही असेल, तरी घरात आणू नका. त्याचे धागे फुप्फुसात जातात आणि कित्येक वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो.

लांबी सुतळी खाचेत फिरवून मोजा, चार बोटं जास्त धरा. कापायच्या जागी चिकटपट्टी गुंडाळून पट्टीच्या मधूनच कापा, नाहीतर टोक पिंजतं. खाचेच्या तळाला उष्णता सोसणाऱ्या सिमेंटची 3 मिमीची बारीक रेघ ओढा, त्याहून जास्त नको. जास्त झालं तर दोरात मुरून तो काठीसारखा कडक होतो. जोड खालच्या बाजूला मधोमध घ्या, कोपऱ्यात नको. दोर बोटाने दाबत बसवा, ओढून ताणू नका, ताणला की बारीक होतो. टोकं एकमेकांना टेकू द्या, एकावर एक चढवू नका. दरवाजा जागेवर बसवून मध्ये बटर पेपर घालून बंद करा आणि 24 तास तसाच ठेवा. पहिली आग लहान, खिडक्या उघड्या ठेवून. थोडा वास येईल, तो जातो.

काचेभोवतीची चपटी पट्टी दरवाजा खाली असतानाच बघून घ्या. स्क्रू गंजले असतील तर तेल सोडून रात्रभर ठेवा, जोर लावला तर डोकं तुटतं. बसवताना समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, हलक्या हाताने आवळा. तापल्यावर लोखंड वाढतं, काच जवळजवळ वाढत नाही, म्हणून तिला थोडी मोकळीक लागते. आगीने फुटलेल्या काचांपेक्षा घट्ट आवळून किंवा ओंडका आपटून फुटलेल्याच जास्त. काच तडकली तर शेगडी पेटवू नका आणि काचवाल्याकडची टफन्ड काच बसवू नका, एवढ्या उष्णतेत ती टिकत नाही. 4 किंवा 5 मिमीची सिरॅमिक काचच लागते. लांबी, रुंदी, जाडी कळवा, मी मागवते.

नवा दोर थोडे दिवस वापरून बसला की कॅलेंडरची पट्टी पुन्हा सगळीकडे ओढून बघा, आणि लागलं तर कडीचा नट अर्धा फेरा आवळा. मृग लागायच्या आत हे उरकायला हवं, म्हणून खाचेचं माप याच आठवड्यात कळवा.

तुमची लेक