आठवड्याभरात नाही रुळत

संपादक महोदय,

ब्रीडिंगमधून, म्हणजे विक्रीसाठी पिल्लं काढायच्या धंद्यातून, सोडवलेल्या कुत्र्यांना घर द्या, हा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला, पटलाही, पण 'प्रेम दिलं की आठवड्याभरात रुळतात' हे वाक्य खटकलं. आमच्याकडे अशीच सहा वर्षांची कुत्री आहे, सगळं आयुष्य पिंजऱ्यात गेलेलं, तिला जिना चढता येत नव्हता, मिक्सर लागला की थरथरायची आणि पहिले दोन महिने हातातून काही खाल्लं नाही. कुत्रीचा गर्भकाळ साधारण 63 दिवसांचा, वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, दर खेपेला पिल्लं घेतली तर शरीराला उसंत कुठली? म्हणून घरी आणल्यावर आधी डॉक्टरांकडून दात, स्तनातल्या गाठी, गर्भाशयाचा संसर्ग सगळं तपासून घ्या, नसबंदी झाली नसेल तर त्याबद्दलही विचारा. आणि सारखं जवळ ओढू नका हो, शेजारी जमिनीवर नुसतं बसायचं, तिला वाटेल तेव्हा ती येते. घरात आधीचं शांत कुत्रं असेल तर त्याचं बघूनही बरंच शिकतात. आमची चौथ्या महिन्यात स्वतःहून येऊन माझ्या पायावर डोकं ठेवून झोपली, मी तासभर हललो नाही.

– एक वाचक