काका, इंजिन फिरतंय! थँक्यू म्हणायला हे पत्र

काका, नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही "ते राहू दे, ऑइल प्रेशर किती दाखवतंय ते सांग" म्हणून विषयच बदलता, म्हणून म्हटलं लिहूनच टाकू, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहू, कारण रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी आत तिकोनी रोटर फिरतो ते इंजिन, असं नाव काढलं की भले भले मेकॅनिक हात वर करतात आणि नवख्या माणसाला वाटतं की आता हे इंजिन भंगारातच जाणार.

माझंही तेच व्हायचं होतं. दुसऱ्या पिढीची माझदाची आरएक्स-७ स्पोर्ट्स कार, बिनटर्बोची, दोन रोटरचं १३बी इंजिन, वर्षानुवर्षं एका जागी उभी. ज्याला आधी दाखवली त्याने बॉनेट उघडून बंद केलं आणि म्हणाला हे काढा, साधं पिस्टनचं बसवून देतो. तुम्ही आलात आणि पहिलं काय म्हणालात, तर "चावी खिशात ठेव." एपेक्स सील, म्हणजे रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या, गंजून हाउसिंगला, म्हणजे रोटर ज्यात फिरतो त्या कवचाला, चिकटले असतील आणि आपण स्टार्टर मारला तर सील तुटेल, आणि तो तुकडा आत फिरून हाउसिंगच्या क्रोमची वाट लावेल. मग प्लग काढले, भोकांतून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल सोडलं, आणि तुम्ही चक्क घरी निघून गेलात! काही दिवसांनी पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इकडे जरासं तिकडे जरासं, जोर न लावता, असं करत करत ते सुटलं. पूर्ण फिरवल्यावर एका रोटरकडून फुस्स फुस्स असा नीट आवाज येत होता आणि दुसरा गप्प. तुम्ही तेवढ्यावरून सांगितलंत की मागच्या रोटरचे सील खाचेत बसलेत, उठत नाहीयेत. खोलल्यावर अगदी तसंच निघालं, कार्बनने जाम.

मागचं हाउसिंग मला तर बरं वाटत होतं. तुम्ही अंगठ्याचं नख आतून फिरवायला लावलंत, आणि जिथे सील इतकी वर्षं टेकून उभा होता तिथे गंजाची आडवी रेघ नखाला अडकली, प्लगच्या भोकाजवळ क्रोमचा पापुद्रापण सुटलेला. तेव्हा तुम्ही ती माझदाची जुनी गोष्ट सांगितलीत, केनिची यामामोतो आणि त्यांचे इंजिनिअर, एकूण ४७ जण, हाउसिंगवर पडणाऱ्या आडव्या ओरखड्यांनी कसे हैराण झाले होते आणि त्या ओरखड्यांना सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणायचे, आणि त्यातून वाट काढून १९६७ला कॉस्मो स्पोर्ट ही रोटरी गाडी बाजारात आणली. गोष्ट भारी होती पण शेवटी तुम्ही म्हणालात "आपल्याकडे ४७ माणसं नाहीत, हाउसिंग बदल." वापरलेलं पण चांगलं हाउसिंग शोधायलाही तुम्हीच मदत केलीत, आणि पहिलं जे मिळालं ते मोजून परत पाठवायला लावलंत. तेव्हा मला राग आला होता, खरं सांगतो.

पण खरं थँक्यू साइड सीलसाठी, म्हणजे रोटरच्या दोन्ही अंगांना बसणाऱ्या बारीक पट्ट्यांसाठी. एका रोटरला सहा, म्हणजे दोन्हीचे मिळून बारा, आणि प्रत्येक सीलचं टोक घासून रोटरच्या कोपऱ्यातल्या कॉर्नर सीलपासून ०.०५ ते ०.१५ मिमीच्या मध्ये गॅप आणायचा. दगडावर एक हलका हात, पुसायचं, रोटरच्या खाचेत बसवायचं, फट मोजायच्या फीलर गेजचं पातं घालून बघायचं, अजून घट्ट, परत बाहेर, परत एक हात. जास्त घासलं की तो सील गेला, नवीन घ्या. तुम्ही स्वतः केलं असतंत तर संध्याकाळपर्यंत संपलं असतं, पण तुम्ही शेजारी स्टूल टाकून बसलात, हात मागे बांधून, आणि मी प्रत्येक वेळी वर बघितलं की फक्त "गेजला विचार, मला काय विचारतोस." असं शिकवणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही हो.

बाकी जुळणी व्हॅसलीनच्या जिवावर झाली. सील पडू नयेत म्हणून व्हॅसलीन, कूलंटचे रबर रिंग जागेवर राहावेत म्हणून व्हॅसलीन, एपेक्स सीलचा तो कोपऱ्यातला चिमुकला तुकडा तर बोटालाच चिकटून बसायचा. एकाच ठिकाणी तुम्ही स्टूलवरून उठलात, एक्सेंट्रिक शाफ्टचं, म्हणजे रोटर ज्यावर बसतात त्या दांड्याचं, पुढचं थ्रस्ट बेअरिंग बसवताना. इंजिन उलटं करून पुढची बाजू वर घेतली, कारण आडवं असताना ते नीडल बेअरिंग जागेवरून घसरतं, स्पेसर आणि प्लेटमध्ये चेपतं आणि वरून काही कळत नाही. बोल्ट आवळल्यावर डायल गेज लावून एण्ड प्ले, म्हणजे शाफ्ट पुढेमागे किती सरकतो ते, बघितला, ०.०४ ते ०.०७ मिमीच्या मध्ये पाहिजे, ०.०५ आला. तुम्ही "हं" म्हणालात. तुमच्या तोंडून तेवढं "हं" म्हणजे खूप आहे.

पहिल्यांदा चालू केली तेव्हा तुम्ही नव्हतात म्हणून सांगतो. आधी फ्युएल पंपाचा फ्यूज काढून नुसतं क्रँक केलं, ऑइल प्रेशर आलं, मगच पेट्रोल. लागली, आणि व्हॅसलीन जळून जो पांढरा धूर निघाला, शेजारच्यांना वाटलं आग लागली! पंधरावीस मिनिटांत धूर गेला. कॉम्प्रेशन रोटरीच्या टेस्टरनेच घेतलं, कारण साध्या गेजवर रोटरच्या तीन बाजूंपैकी, म्हणजे फेसपैकी, सगळ्यात चांगल्या फेसचाच आकडा दिसतो. २५० आरपीएमला ६ किलो प्रति चौरस सेंमीच्या खाली नको असं तुम्ही सांगितलं होतं, पाच फेस वर होते, एक जेमतेम काठावर, आता गाडी थोडी चालल्यावर तोपण वर आलाय. रात्रभर उभी ठेवून सकाळी चालू केली तरी कूलंट जळल्याचा वास नाही. ऑइल पॅनच्या गॅस्केटमधून मात्र थेंब थेंब गळतंय, ते बघतो.

आता एकच विचारायचंय. सीलना तेल पुरवणारा ऑइल मीटरिंग पंप चालू आहे, लाइन्स साफ आहेत, तरी पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल थोडं घालायचं का, रनिंग-इन होईपर्यंत तरी? आणि तुमचा डायल गेज अजून माझ्याकडेच आहे, रविवारी आणून देतो, याच गाडीतून.

तुमचाच,
स्टूलसमोरचा विद्यार्थी