चुलीला हात लावण्याआधी आईला विचारणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

चुलीतली राख न उडवता कशी काढावी हे आपण येऊन शिकवून गेल्यापासून आईचा सकाळचा खोकला बराच कमी झाला आहे. हे समोर बसून सांगू लागलो की माझा कंठ दाटून येतो, म्हणून जाहीरपणे लिहीत आहे.

परभणी जिल्ह्यातील आमच्या गावात गॅस आला असला, तरी ज्वारीची भाकरी आणि अंघोळीचे पाणी अजून चुलीवरच होते. जळण म्हणजे कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुऱ्हाट्या. त्यांची राख इतकी हलकी, की झाडू लागताच ती पाण्याच्या माठापासून अंथरुणापर्यंत पोहोचते आणि तिचे बारीक कण बराच वेळ हवेत राहतात. दमा असलेल्या आईला ते सोसत नव्हते. एका डॉक्टरांनी मान वर न करता "चूल मोडून टाका" एवढेच सांगितले. शहरातील एका दुकानदाराने व्हॅक्यूम क्लीनर गळ्यात मारला. त्याच्या पिशवीतून सर्वांत बारीक राख पुन्हा घरातच येई, आणि राखेत दडलेल्या निखाऱ्याने पिशवी पेटू शकते, हेही त्याने सांगितले नाही. या दोघांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आपण मात्र आधी पंखा बंद केलात आणि आईजवळ जमिनीवर बसून विचारलेत, "मावशी, तुमच्या चुलीला हात लावू का?" जी चूल आईने स्वतःच्या हाताने घातली, रोज पोतेरे फिरवून जपली, तिच्याविषयी सर्वांनी हुकूमच सोडले होते, परवानगी कोणी मागितली नव्हती. त्या एका प्रश्नाने आई ऐकायला तयार झाली.

पुढे रात्रभर निवलेल्या राखेवर आपण पाण्याचे थोडे शिंतोडे मारलेत आणि पत्र्याच्या तुकड्याने ती हळूच ओढून चुलीच्या तोंडाशी टेकवलेल्या डब्यात घेतलीत. ओली राख हाताला झोंबते म्हणून आईला ती शिवूही दिली नाहीत. शिकलेली माणसे पुष्कळ भेटतात, पण समोरच्याचा मान सांभाळून शिकवणारी माणसे मी फार थोडी पाहिली आहेत.

आता आई तसेच करते, आणि कोरडी राख चाळून तिने मुगाच्या बियाण्याला चोळून ठेवली आहे. हुरड्याच्या दिवसांत आपण सहकुटुंब शेतावर यावे, असा तिचा आग्रहाचा निरोप आहे.

आपला कृतज्ञ,
मावशींचा मुलगा